एचआयव्ही चाचणी : प्रश्न निदानाइतकाच वेळेचाही

दर वर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन पाळला जातो. जनजागृतीच्या फेऱ्या निघतात, छातीवर लाल फिती लागतात आणि 'एचआयव्हीची चाचणी करून घ्या' असे आवाहन करणारे फलक रेल्वे स्थानकांपासून महाविद्यालयांपर्यंत झळकतात. हे आवाहन योग्यच आहे. मात्र चाचणी करायची तर ती केव्हा, या प्रश्नावर बहुतेक फलक मौन बाळगून असतात. एचआयव्हीच्या बाबतीत तर चाचणीच्या अहवालाला जो अर्थ प्राप्त होतो, तो ती चाचणी कोणत्या दिवशी केली यावरून. संसर्गाचा धोका पत्करल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालेला 'निगेटिव्ह' अहवाल आणि नव्वदाव्या दिवशी मिळालेला 'निगेटिव्ह' अहवाल कागदावर सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिला जवळपास निरर्थक असतो आणि दुसरा निर्णायक.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्यानंतरच्या जवळपास चार दशकांत या आजाराचे चित्र पुष्कळच पालटले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजेच 'नॅको'ची स्थापना झाली. १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी औषधोपचार सुरू झाले आणि त्यातील पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. नव्या संसर्गाचे प्रमाण घटले. तरीही आज देशात २५ लाखांहून अधिक व्यक्ती एचआयव्हीसह जगत असल्याचा अधिकृत अंदाज आहे आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र अग्रस्थानी आहे. त्याहून चिंतेची बाब अशी, की बाधितांपैकी सुमारे एकपंचमांश व्यक्तींना आपल्या संसर्गाची कल्पनाच नाही. जे चाचणीला येत नाहीत त्यांचा प्रश्न मोठा आहेच. पण जे येतात ते चुकीच्या वेळी येऊन चुकीचा निष्कर्ष काढून परततात, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

'विंडो पीरियड'चे कोडे

विषाणू शरीरात शिरला, की दुसऱ्याच दिवशी तो रक्तात सापडेल, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तव तसे नाही. प्रथम विषाणू प्रवेशाच्या जागी आणि जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये वाढतो. या काळात रक्ताच्या कोणत्याही चाचणीत तो दिसत नाही. सुमारे १० दिवसांनंतर विषाणूचा आरएनए हा जनुकीय अंश रक्तात मोजता येऊ लागतो. आणखी काही दिवसांनी विषाणूच्या गाभ्यातील 'पी-२४' हे प्रथिन म्हणजे अँटिजेन दिसू लागते. त्यानंतरच शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीज म्हणजे प्रतिपिंडे आढळतात. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंतचा हा मधला काळ म्हणजे 'विंडो पीरियड'.

हा काळ सर्वांसाठी एकच नसतो. तो चाचणीच्या प्रकारानुसार बदलतो. आरएनए शोधणारी 'नॅट' चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग टिपू शकते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी अँटिजेन व अँटिबॉडी अशी दुहेरी चाचणी, जिला 'चौथ्या पिढीची' चाचणी म्हणतात, ती १८ ते ४५ दिवसांत. केवळ अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन वीस-तीस मिनिटांत निकाल देणाऱ्या बहुतेक जलद चाचण्या याच गटात मोडतात. म्हणूनच प्रयोगशाळेतील दुहेरी चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर ती बहुतांशी विश्वासार्ह मानली जाते. जलद चाचणीसाठी मात्र तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते.

करोनाच्या साथीत हेच तत्त्व घराघरांत पोहोचले होते. बाधिताच्या संपर्कात आल्यावर लगेच चाचणी करून उपयोग नाही, काही दिवस थांबावे लागते, हे २०२० मध्ये सोसायटीच्या वॉचमनपासून वाहिन्यांवरील निवेदकांपर्यंत सर्वांना ठाऊक झाले. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र हे ज्ञान चार दशकांनंतरही समुपदेशकाच्या खोलीबाहेर आलेले नाही. त्या विषयाभोवतीची लाज हे त्याचे उघड कारण.

पहिले ७२ तास

चाचणीसाठी थांबावे लागते याचा अर्थ पहिल्या दिवसांत काहीच करायचे नसते, असा मात्र मुळीच नाही. सर्वांत मोठी गफलत नेमकी येथे होते. संभाव्य संसर्गानंतर तातडीने घ्यावयाचे प्रतिबंधक उपचार उपलब्ध आहेत. त्यांना 'पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस' किंवा 'पेप' म्हणतात. तीन औषधांचा हा संच २८ दिवस घ्यावा लागतो. पहिला डोस जितका लवकर, शक्य तर दोन तासांच्या आत, तितका उत्तम. आणि ७२ तास उलटून गेले तर त्याचा उपयोग उरत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात त्या काळच्या झिडोव्हुडिन या एकाच औषधानेही संसर्गाचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले होते. आजची औषधे त्याहून अधिक सुसह्य आणि प्रभावी आहेत.

त्यामुळे संभाव्य संसर्गानंतर एकाच वेळी तीन घड्याळे सुरू होतात. पहिले ७२ तासांचे, उपचाराचे. दुसरे सहा-सात आठवड्यांचे, प्रयोगशाळेतील दुहेरी चाचणीचे. तिसरे तीन महिन्यांचे, जलद चाचणीच्या अंतिम निष्कर्षाचे. बहुसंख्य लोकांना तिसऱ्याविषयी अर्धवट माहिती असते आणि पहिल्याविषयी काहीच नसते. 'तीन महिन्यांनी चाचणी करू' असे मनाशी ठरवून गप्प बसलेली व्यक्ती संसर्ग टाळण्याची खात्रीलायक म्हणावी अशी एकमेव संधी गमावून बसते.

या पहिल्या भेटीतही एक चाचणी केली जाते. तिचा उद्देश मात्र वेगळा असतो. त्या प्रसंगापूर्वीच संसर्ग होता काय, हे तीतून कळते. रुग्णालयात काम करताना सुई टोचलेल्या परिचारिकेच्या किंवा निवासी डॉक्टरच्या दृष्टीने ही आधारभूत चाचणी फार मोलाची असते, कारण पुढे संसर्ग आढळल्यास तो कामाच्या ठिकाणीच झाला हे सिद्ध करण्याचा तोच पुरावा ठरतो. मात्र तिच्या अहवालासाठी औषधाचा पहिला डोस रोखून धरायचा नसतो. 'पेप' घेतल्यास पुढील चाचण्यांचे वेळापत्रकही बदलते. औषधांमुळे विषाणूची वाढ आणि शरीराची प्रतिक्रिया दोन्ही लांबू शकतात. म्हणून विंडो पीरियडची मोजणी औषधे संपल्यानंतर धरणे सुरक्षित असते.

भीती आणि वास्तव

प्रत्येक प्रसंग सारखाच धोकादायक नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. बाधित रक्त असलेली सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सरासरी हजारात तीन इतकी असते. असुरक्षित योनीमार्गी संबंधात स्त्रीला होणारा धोका सरासरी दहा हजारात आठ, तर गुदमार्गी संबंधात ग्रहण करणाऱ्या जोडीदाराचा धोका दहा हजारात सुमारे १३८. बाधित रक्त चढवले गेल्यास मात्र संसर्ग जवळजवळ निश्चित असतो. या सरासरी आकड्यांवर विसंबून बेफिकीर राहता येत नाही, कारण अन्य गुप्तरोग, जखम किंवा जोडीदाराच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण यांमुळे धोका कितीतरी पटींनी वाढू शकतो. तो कमी करणारी बाजूही आहे. नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आहे, अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे गेल्या दशकातील मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

दुसऱ्या टोकाला, डास चावणे, एकाच ताटात जेवणे, हस्तांदोलन किंवा सार्वजनिक स्वच्छतागृहाचा वापर यांतून एचआयव्ही पसरत नाही. तरीही अशा कारणांनी धास्तावून वारंवार चाचण्या करणारे लोक प्रत्येक समुपदेशकाच्या परिचयाचे असतात. अंतिम मुदतीनंतरची चाचणी निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात नवा धोका पत्करलेला नसेल, तर तो विषय तेथेच संपतो. 'सहा महिन्यांनी पुन्हा एकदा' हा सल्ला बव्हंशी जुन्या काळाचा वारसा आहे. १९८५ मध्ये उपलब्ध झालेल्या पहिल्या एलायझा चाचण्यांना प्रतिपिंडे ओळखण्यास बराच अधिक काळ लागत असे. चाचण्या सुधारल्या, पण सहा महिन्यांची धास्ती लोकांच्या मनात, आणि काही डॉक्टरांच्या तोंडीही, कायम राहिली. 'पेप' घेतलेल्या व्यक्तींसारख्या काही विशिष्ट परिस्थितींत दीर्घ पाठपुराव्याचा सल्ला दिला जातो. सरसकट सर्वांना तो लागू करणे म्हणजे विनाकारण आणखी तीन महिने त्यांची झोप उडवणे होय.

लक्षणांवरून निदान करण्याचा प्रयत्नही असाच फसवा ठरतो. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, ग्रंथींना सूज असा त्रास होतो. पण पावसाळ्यातल्या मुंबईत किंवा पुण्यात असा ताप डेंग्यूचा असू शकतो, मलेरियाचा असू शकतो, साध्या विषाणूजन्य सर्दीचाही असू शकतो. आणि अनेक बाधितांना या काळात कोणतेही लक्षण जाणवत नाही. ताप आला म्हणून संसर्ग झाला असे नव्हे आणि ताप आला नाही म्हणून टळला असेही नव्हे. निर्णय चाचणीच करू शकते.

रक्तपेढी म्हणजे चाचणी केंद्र नव्हे

विंडो पीरियडमधील निगेटिव्ह अहवालाचा धोका केवळ त्या व्यक्तीपुरता राहत नाही. किंबहुना याच आठवड्यांत, शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होण्यापूर्वी, रक्तातील विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते. म्हणजे अहवाल 'निगेटिव्ह' आणि संसर्ग पसरवण्याची क्षमता मात्र सर्वाधिक, अशी विपरीत स्थिती असते. खिशात तो कागद बाळगून निर्धास्तपणे वागणारी व्यक्ती पत्नीला किंवा जोडीदाराला अजाणता संसर्ग देऊ शकते. म्हणूनच अंतिम चाचणी होईपर्यंत निरोधचा वापर आणि रक्तदान न करणे, या दोन गोष्टी अपरिहार्य ठरतात.

रक्तदानाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्हीसह हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. हे ठाऊक असल्याने काही जण फुकट आणि नाव न येता चाचणी होईल या आशेने रक्तदान शिबिरात जातात. त्यामागचा संकोच समजण्यासारखा असला, तरी परिणाम भयावह असू शकतो. अनेक रक्तपेढ्या 'नॅट' चाचणी करतात. सर्वच करत नाहीत. आणि 'नॅट'लाही पहिले काही दिवस अंध असतात. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे करून ते वेगवेगळ्या रुग्णांना दिले जातात. त्या रुग्णांमध्ये दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाग्रस्त मूल असू शकते, बाळंतपणात रक्तस्राव झालेली माता असू शकते. स्वतःच्या शंकेचे निरसन त्यांच्या जिवावर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. विशेषतः शासकीय केंद्रात तीच चाचणी विनामूल्य आणि गोपनीय होत असताना.

पॉझिटिव्ह अहवालाचाही पडताळा

घाईचा दुसरा बळी म्हणजे एकाच चाचणीवरून स्वतःला बाधित समजणारी व्यक्ती. एक काल्पनिक हिशेब पाहता येईल. दर हजारी दोन बाधित असलेल्या समाजातील १० हजार जणांची ९९.५ टक्के अचूक विशिष्टता असलेल्या संचाने तपासणी केली, तर खरे बाधित सुमारे २० सापडतील. पण बाधित नसलेल्या सुमारे ५० जणांचा अहवालही पॉझिटिव्ह येईल. संच सदोष नसतानाही हे घडते. म्हणूनच 'नॅको'च्या कार्यपद्धतीत लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान तीन वेगवेगळ्या संचांवर चाचणी सकारात्मक आल्याखेरीज निश्चित केले जात नाही. निकाल परस्परविरोधी आल्यास काही आठवड्यांनी नमुना पुन्हा घेतला जातो. खासगी पॅथॉलॉजी लॅबमधील एका कागदावरून कोसळून जाण्यापूर्वी, अथवा घरात स्फोट घडवण्यापूर्वी, हा पडताळा अत्यावश्यक आहे.

निदान पक्के झाले तरी आज ते मृत्यूचे फर्मान राहिलेले नाही. पूर्वी सीडी-४ पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली घसरेपर्यंत औषधे सुरू होत नसत. २०१७ पासून 'चाचणी करा आणि उपचार करा' हे धोरण स्वीकारले गेले. निदान झालेल्या प्रत्येकाला तत्काळ मोफत उपचार मिळू लागले. वेळेवर औषधे सुरू केलेल्या व्यक्तीचे आयुष्य सर्वसामान्यांच्या जवळपास असू शकते. योग्य वेळी केलेल्या चाचणीचे महत्त्व यातच आहे.

कायद्याचे कवच

चाचणीपासून लोकांना दूर ठेवणारे कारण अज्ञान एवढेच नाही; नोकरी जाईल, घरमालक बाहेर काढेल, बातमी फुटेल ही भीती त्याहून मोठी आहे. या संदर्भात महाराष्ट्राने एक पायंडा पाडला होता. एचआयव्ही असला तरी काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर दोन दशकांनी संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार संबंधिताच्या माहितीपूर्ण संमतीविना चाचणी करता येत नाही, तिचा निकाल उघड करता येत नाही आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. कामाच्या ठिकाणी संसर्गाचा धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना 'पेप' उपलब्ध करून देणे हेही आस्थापनेचे कर्तव्य ठरवण्यात आले आहे.

लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तींबाबत तर ७२ तासांचा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. अशा पीडितांवर कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत, असे बंधन २०१३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये ते कायम आहे. मात्र पोलीस ठाण्यातील जबाब, पंचनामा आणि वैद्यकीय तपासणी यांच्या चक्रात मौल्यवान तास निघून गेले, तर कायद्यातील शब्द त्या व्यक्तीला विषाणूपासून वाचवू शकत नाहीत.

यंत्रणेपुढील प्रश्न

शासकीय आणि पालिका रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांचे जाळे ही या देशाची मोठी जमेची बाजू आहे. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन हा त्यांचा गाभा. शहरी मध्यमवर्ग मात्र या केंद्रांची पायरी चढण्यास कचरतो आणि खासगी लॅबचा आसरा घेतो. तेथे चाचणी होते, समुपदेशन क्वचितच होते. शेवटचा धोका कधी पत्करला, हे कोणी विचारत नाही. चाचणी कोणत्या पिढीची, तिचा विंडो पीरियड किती, पुन्हा केव्हा यायचे, याचा उल्लेख अहवालावर अभावानेच आढळतो. प्रत्येक निगेटिव्ह अहवालाखाली 'संभाव्य संसर्गास अमुक दिवस झाले नसल्यास चाचणी पुन्हा करावी' अशी एक ओळ छापणे बंधनकारक केले, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. अनेकांचा गैरसमज मात्र टळेल.

दुसरा प्रश्न 'पेप'च्या उपलब्धतेचा. केंद्रे ओपीडीच्या वेळेत चालतात. धोक्याचे प्रसंग मात्र रात्री, रविवारी आणि सणासुदीलाही घडतात. रुग्णालयांच्या अपघात विभागात चोवीस तास पहिला डोस मिळेल आणि तेथील डॉक्टरला तो देण्याची कार्यपद्धती ठाऊक असेल, याची हमी असली पाहिजे. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांसाठी ही व्यवस्था कागदावर आहे. निरोध फाटल्याने धास्तावलेल्या सामान्य नागरिकाने मात्र कोठे जायचे, हे त्याला सांगणारे कोणी नसते. 'नॅको'ची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिचा क्रमांक जितका ठळक छापला जातो, तितकाच ठळक '७२ तास' हा आकडाही छापला जायला हवा.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी २०२१ ते २०२६ या काळात सुमारे १५ हजार ४७२ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली होती. औषधे, संच, केंद्रे यांवर हा पैसा खर्च होणे आवश्यकच होते. पण या साऱ्या साधनांचा उपयोग अखेर एका व्यक्तीने योग्य दिवशी योग्य दारात जाण्यावर अवलंबून असतो. तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे, सहा-सात आठवड्यांनी प्रयोगशाळेत आणि तीन महिन्यांनी अंतिम खात्रीसाठी, इतके साधे वेळापत्रक प्रत्येक सज्ञान नागरिकाला पाठ असायला हरकत नाही. 'चाचणी करून घ्या' या आवाहनाला यापुढे 'केव्हा' हा शब्द जोडला गेला, तर मधल्या काळातील खोट्या दिलाशाचे आणि अनाठायी भीतीचे बळी निश्चितच कमी होतील.